सुरतेत वाचले न गेलेले भाषण

(मंडळाच्या सभागृहात मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. बी.कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. गेली वीस-बावीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून बाहेरच्या लोकांचे बोलणे ऐकणे हाच माझा व्यवसाय. आज मला बोलायला उभे केले याची जबाबदारी चिटणीसांची आहे, माझी नाही.

विषयही त्यांनीच दिला. 2024 च्या जुलैत डोनाल्ड ट्रम्प यांनी मिलवॉकीला आणि ऑगस्टमध्ये कमला हॅरिस यांनी शिकागोला आपापल्या पक्षाच्या अधिवेशनात भाषणे केली. आपल्यापैकी अनेकांची मुले तिकडे आहेत, त्यामुळे ती भाषणे इथे ओट्यावर बसून फार चवीने चघळली गेली. चिटणीस म्हणाले, "अधिवेशन, अध्यक्षपद, उमेदवाराचे भाषण आणि त्यावर लोकांची प्रतिक्रिया, यावर काहीतरी बोला." मी म्हटले, बोलतो. पण त्यासाठी शिकागोला कशाला जायचे? हे सगळे आपल्या तापीच्या काठावर होऊन गेले आहे. तेही असे की, अध्यक्षांचे भाषण वाचलेच गेले नाही, आणि तरी त्याच्यावरून इतके रामायण झाले की देशाची काँग्रेस नऊ वर्षे दुभंगलेली राहिली.

मी बोलतो आहे ते 1907 च्या डिसेंबरबद्दल. सुरत काँग्रेस म्हटले की आपल्याला शाळेतली एक ओळ आठवते: जहाल आणि मवाळ यांच्यात फूट पडली. त्या एका ओळीत आपले टिळक आहेत, आपले गोखले आहेत, आपले गाव आहे आणि, पुढे सांगतो, आपला एक जोडाही आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1906 साली कलकत्त्याला दादाभाई नौरोजी अध्यक्ष होते. तिथे स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे चार ठराव झाले. पुढचे अधिवेशन नागपूरला व्हायचे होते. त्या वेळच्या नियमाप्रमाणे अध्यक्षाची निवड स्वागत समितीने तीन-चतुर्थांश मतांनी करायची होती. नागपूरच्या समितीत ते जमेना, भांडणे झाली, आणि मुंबईत सर फिरोजशहा मेहता यांच्या बंगल्यावर झालेल्या बैठकीत अधिवेशन सुरतेला हलवायचे ठरले. सुरत हा मवाळांचा भरवशाचा गड. इथल्या स्वागत समितीने कलकत्त्याचे डॉ. रासबिहारी घोष यांना अध्यक्ष निवडले. टिळकांच्या बाजूच्या लोकांना लाला लजपतराय हवे होते. ते नुकतेच मंडालेच्या हद्दपारीतून सुटून आले होते. पण फूट नको म्हणून लालाजींनी स्वतःच नाव मागे घेतले.

म्हणजे अध्यक्ष कोण, यावरचे भांडण खरे तर तिथेच मिटायला हवे होते. मिटले नाही, कारण खरा प्रश्न माणसाचा नव्हता. कलकत्त्याचे चार ठराव पातळ केले जाणार, अशी धास्ती होती, आणि ठरावांचे छापील मसुदे प्रतिनिधींच्या हातात वेळेवर पडले नव्हते. टिळकपक्षाने नंतर अरविंद घोष, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे वगैरेंच्या सहीने निवेदन काढले. त्यात म्हटले आहे की, दोन्हीकडचे पाच-पाच जण बसून ठराव जुळवू, असे लालाजींनी सुचवले होते आणि टिळकांना ते मान्य होते. ती बैठक झाली नाही.

26 डिसेंबरला दुपारी तापीकाठच्या फ्रेंच बागेतल्या मंडपात सोळाशेच्या वर प्रतिनिधी जमले. आपल्याकडे ते दिवस पोंकाचे. स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांचे भाषण झाले. दिवाणबहादूर अंबालाल साकरलाल देसाई यांनी डॉ. घोष यांचे नाव सुचवले. सुरेंद्रनाथ बॅनर्जी अनुमोदनाला उभे राहिले आणि आरडाओरड सुरू झाली. सभा दुसऱ्या दिवसावर ढकलावी लागली.

आता मूळ मुद्दा. त्याच संध्याकाळी कलकत्त्याहून सुरतेत तारा येऊ लागल्या. डॉ. घोष यांचे अध्यक्षीय भाषण इथे वाचले जायच्या आधीच तिकडच्या वर्तमानपत्रांत छापून आले होते, आणि त्यात नव्या पक्षावर झोंबणारी टीका होती! विचार करा. ज्यांना आपण निवडून देणार त्यांनी निवडून येण्याआधीच आपल्याला काय म्हटले आहे, हे प्रतिनिधींना दीड हजार किलोमीटरवरून आलेल्या तारेने कळले. आधीच तापलेल्या छावणीत त्या तारांनी काय केले असेल, ते सांगायला नको.

इथे डॉ. घोष यांच्याबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर अन्याय होईल. ते गावठी पुढारी नव्हते. हिंदुस्थानातील गहाणाच्या कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ फार मोठ्या मानाचा. मी रोज तारण आणि गहाणखत असले कागद हाताळतो, म्हणून मला त्यांच्याबद्दल उगीचच आपुलकी आहे. पुढे 1913 साली त्यांनी कलकत्ता विद्यापीठाला दहा लाख रुपये दिले. आणि गंमत अशी की, ज्या राष्ट्रीय शिक्षणाच्या ठरावासाठी टिळकपक्ष भांडत होता, त्या राष्ट्रीय शिक्षणासाठी 1906 साली बंगालमध्ये जी परिषद निघाली तिचे पहिले अध्यक्ष हेच रासबिहारी घोष होते! चारपैकी एका ठरावासाठी तो माणूस स्वतः राबत होता. दोन्ही बाजू शांतपणे बसल्या असत्या तर हे कोणाच्या तरी तोंडून निघाले असते. पण बसायचेच कोणी नव्हते.

27 तारखेला दुपारी सभा पुन्हा भरली. नियोजित अध्यक्षांची मिरवणूक मंडपात शिरत असताना टिळकांनी स्वयंसेवकाच्या हाती माळवींना एक चिठ्ठी दिली. मजकूर साधा होता. अध्यक्षाच्या निवडीच्या सूचनेला अनुमोदन मिळाल्यावर मला प्रतिनिधींपुढे बोलायचे आहे, सभा तहकूब करण्याची सूचना मांडून तोडगा सुचवायचा आहे, तरी माझे नाव पुकारावे. उत्तर आले नाही. टिळकांनी आठवण पाठवली. त्याचेही उत्तर आले नाही. सुरेंद्रनाथांचे भाषण पुरे झाले, मोतीलाल नेहरूंनी पाठिंबा दिला, डॉ. घोष निवडून आल्याचे जाहीर झाले आणि ते खुर्चीवर बसले. तेव्हा टिळक उठले आणि सरळ व्यासपीठावर गेले. माळवी म्हणाले, तुमची सूचना नियमबाह्य आहे. टिळक म्हणाले, मग मी प्रतिनिधींनाच विचारतो. आणि हाताची घडी घालून उभे राहिले. डॉ. घोष भाषण सुरू करू पाहत होते, पण सुरुवातीच्या शब्दांपुढे त्यांची गाडी जाईना.

मग तो जोडा आला. हेन्री नेव्हिन्सन नावाचे इंग्रज पत्रकार तिथे हजर होते आणि त्यांनी हे सगळे लिहून ठेवले आहे. तांबूस कातड्याचा, टोकदार, तळाला शिसे ठोकलेला मराठी जोडा, असे त्यांचे वर्णन आहे. तो सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहांवर आदळला. टिळकपक्षाचे म्हणणे असे की, तो टिळकांवर फेकला होता आणि नेम चुकला. समोरच्यांचे म्हणणे वेगळे. तो वाद आपण आज मिटवू शकत नाही. पण जोडा मराठी होता, हे आपण मुकाट्याने कबूल करावे. 1664 आणि 1670 नंतर सुरतेला मराठ्यांची आठवण राहावी असा हा तिसरा प्रसंग, असे आमच्या बँकेतले गुजराती मित्र मला चहा पिताना ऐकवतात. मी ऐकून घेतो.

त्याच गोंधळातली दुसरी एक गोष्ट मात्र मित्र सांगत नाहीत, मला सांगावी लागते. लोक टिळकांच्या अंगावर धावून येत होते तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले त्यांच्या शेजारी जाऊन, दोन्ही हात पसरून, त्यांना वाचवायला उभे राहिले. हेही नेव्हिन्सननीच लिहिले आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत एके काळी एकत्र काम केलेले आणि नंतर आयुष्यभर एकमेकांशी भांडलेले पुण्याचे दोन शिक्षक! जोड्याची गोष्ट सगळ्या जगाला ठाऊक आहे. पसरलेल्या हातांची गोष्ट निदान आपल्या मुलांना तरी ठाऊक असावी.

पोलिसांनी मंडप रिकामा केला. पण त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक प्रयत्न झाला. मला सगळ्या प्रकरणातला तो भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'अमृत बझार पत्रिके'चे मोतीलाल घोष आणि आणखी काही जण टिळकांचे सही केलेले पत्र घेऊन मवाळ पुढाऱ्यांकडे गेले. त्या पत्रात टिळकांनी डॉ. घोष यांच्या निवडीला असलेला विरोध सोडून दिला होता. झाले गेले विसरू, असे त्यांनी लिहिले होते. अटी दोनच. पहिली, कलकत्त्याचे चार ठराव कायम ठेवावेत. दुसरी, डॉ. घोष यांच्या भाषणात आमच्या पक्षाला लागेल असा काही मजकूर असेल तर तो गाळावा.

लक्षात घ्या, भाषण बदला असे टिळक म्हणत नव्हते. तुमचे मत मांडू नका, असेही नाही. बोचणारी वाक्ये तेवढी काढा. 'केसरी'च्या संपादकाला वाक्य किती लागते हे दुसऱ्या कोणी सांगायला नको होते. स्वतः त्यांनी काय कमी लागणारी वाक्ये लिहिली होती? पण भांडण मिटवायचे असेल तर आधी काय खोडायचे, हे त्यांना बरोबर कळले होते.

ते पत्र मान्य झाले नाही. 28 तारखेला मवाळांनी त्याच मंडपात आपले वेगळे कन्व्हेन्शन भरवले. नऊशेच्या वर लोक होते. साम्राज्यांतर्गत स्वराज्य आणि सनदशीर मार्ग या प्रतिज्ञेवर सही करील त्यालाच आत प्रवेश. पुढे 1908 च्या जूनमध्ये टिळकांना पकडले, जुलैत सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. डॉ. घोष यांनी डिसेंबर 1908 मध्ये मद्रासला अध्यक्षपद भूषवले, पण निम्मे घर बाहेर होते. दोन्ही बाजू एकत्र आल्या त्या 1916 साली लखनौला. तोवर 1915 मध्ये गोखले गेले, फिरोजशहाही गेले. आणि ज्यांचा यात फायदा झाला त्यांचे काय? व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांनी भारतमंत्री मोर्ले यांना काँग्रेसची ही पडझड म्हणजे आपला मोठा विजय आहे, असे कळवले.

आता मला कोणी विचारील, चूक कोणाची? मवाळांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. निवड नियमाप्रमाणे समितीने केली होती. मंडपातला प्रस्ताव हा केवळ उपचार होता, तिथे कोणी विरोधी सूचना आणण्याची वहिवाट नव्हती. माळवींना वाटले असेल, हा माणूस सभा उधळायला आला आहे. पण मी बँकेतला कारकून आहे. मला त्या चिठ्ठीशिवाय दुसरे काही दिसत नाही.

आमच्याकडे चेक आला की दोनच गोष्टी होतात. एक तर तो पास होतो, नाहीतर परत जातो. परत गेला तर सोबत मेमो जोडतात आणि त्यावर कारण लिहिलेले असते: शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, तारीख उलटून गेली. ग्राहक चिडतो, पण कारण वाचून घरी जातो. चेक घेतला आणि खिशात ठेवला, हे तिसरे खाते बँकेत नाही. माळवींनी ती चिठ्ठी पास केली नाही आणि परतही केली नाही. "आपली सूचना या नियमाप्रमाणे घेता येत नाही" एवढी ओळ त्यांनी वेळेवर लिहून पाठवली असती, तर टिळक भांडले असते, नक्की भांडले असते, पण व्यासपीठावर चढायला त्यांना कारण उरले नसते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पंधरा वर्षांपूर्वी मी एका सोसायटीच्या वार्षिक सभेत चिठ्ठी दिली होती. हिशेबात साडेचार हजारांचा फरक दिसत होता, त्याबद्दल विचारायचे होते. चिठ्ठी खिशात गेली. सभा संपत आली तेव्हा मी उभा राहून ओरडलो. बी.कॉम. झालेल्या माणसाला शोभणार नाही असे बरेच बोललो. पाणी सोडणाऱ्या माणसापासून सगळ्यांसमोर तमाशा झाला. शेजारच्या काकांशी त्यानंतर बोलणे तुटले, ते वारले तोपर्यंत जुळले नाही. आणि खरे सांगू? त्या हिशेबात माझीच बेरीज चुकली असेल. मला अजून ठाऊक नाही, कारण उत्तर कोणी दिलेच नाही.

आता आपल्या घरात येतो, म्हणजे या मंडळात.

पुढच्या महिन्यात आपली वार्षिक सभा आहे. बऱ्याच वर्षांनी अध्यक्षपदासाठी दोन नावे आली आहेत. आपल्याला बिनविरोध निवडीची सवय आणि तिचा अभिमानही आहे. एकमत खरे असेल तर बिनविरोध छानच. पण 2024 च्या एप्रिलमध्ये आपल्या सुरतेत लोकसभेची निवडणूकही बिनविरोध झाली. एका उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली, आणि 7 मे रोजी राज्यभर मतदान चालू असताना सुरत मतदारसंघात आपण घरी बसलो. कायद्यात ते बसले असेल. तरी त्या दिवशी शाई न लागलेल्या बोटाकडे पाहून माझ्या आईला चुकल्यासारखे वाटले होते. म्हणून दोन नावे आली याचे मला वाईट वाटत नाही.

वाईट वाटते ते दुसऱ्या गोष्टीचे. एका उमेदवारांचे मनोगत छापून घरोघर वाटले गेले आहे. सभेत ते वाचायचे आहे, पण आधीच सगळ्यांच्या हातात आहे. त्यात एक वाक्य असे आहे की, चार पिढ्यांनी उभे केलेले हे मंडळ काल आलेल्यांनी चालवायला मागू नये. ज्यांनी ते लिहिले ते मला वडिलांच्या जागी आहेत, माझ्या लग्नात त्यांनी पाहुण्यांची पंगत सांभाळली आहे. त्यांच्या मनात दुष्टावा नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण ते वाक्य उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीपर्यंत पोचले आहे. तिथे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची आपली माणसे राहतात. यंत्रमागावर, साड्यांच्या छपाईत बारा-बारा तास उभी असतात, घरात अहिराणी बोलतात, गणपतीला वर्गणी आपल्याआधी देतात. सुरतेतल्या मराठी माणसाची संख्या म्हणाल तर ती आज त्यांची आहे. आपल्याकडे आहेत त्या सभागृहाच्या किल्ल्या आणि नियमांची वही.

माझे पणजोबा गायकवाडांच्या नवसारी प्रांतात कारकुनीला आले आणि तिथून सुरतेला. तेही कधीतरी कालच आले होते! त्यांना इथे कोणीतरी ओटा दिला असेल, म्हणून मी आज या ओट्यावर उभा आहे.

तेव्हा माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, ते वाक्य मनोगतातून गाळावे. बाकी सगळे राहू द्या, मंडळाच्या जुन्या कामाचा अभिमान राहू द्या, मी स्वतः त्यांनाच मत देणार आहे हेही सांगून टाकतो. दुसरी, सभेत कोणाचीही चिठ्ठी आली तर अध्यक्षांनी ती घ्यावी आणि उत्तर द्यावे. मान्य असेल तर नाव पुकारावे, नसेल तर कारण सांगून परत करावी. तिसरी, मतदानापूर्वी दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटे बोलू द्यावे. निवड झाल्यावर मिळालेली पाच मिनिटे काही कामाची नसतात.

आणि उधन्याकडून येणाऱ्या माझ्या भावांनाही एक विनंती. कारणासह चिठ्ठी परत आली तर ती खाली बसून वाचा. पटले नाही तर पुढच्या सभेला पुन्हा द्या. व्यासपीठावर चढू नका. टिळकांनाही त्याची किंमत द्यावी लागली, आपण तर साधी माणसे.

1938 साली याच सुरत जिल्ह्यात, तापीकाठच्या हरिपुऱ्याला, सुभाषबाबूंचे अध्यक्षीय भाषण झाले. 51 बैलांच्या रथातून त्यांची मिरवणूक निघाली होती. मतभेद तेव्हाही कमी नव्हते, पुढच्याच वर्षी ते उफाळून आले. पण हरिपुऱ्यात लोकांनी अध्यक्षांचे भाषण शेवटपर्यंत ऐकले. म्हणजे आपल्या या पाण्याला ऐकण्याचीही सवय आहे.

आपल्या मंडळाची एक जुनी पद्धत मला फार आवडते. सभागृहात येताना आपण चपला-जोडे बाहेर काढून ठेवतो. पुढच्या महिन्यात त्या तिथेच राहाव्यात, एवढीच तापीमाईकडे प्रार्थना करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र! जय जय गरवी गुजरात!